साडूंची पद्धत

जानेवारी लागला की नवी वही घेऊन दारात उभा राहणारा एक तरी नातेवाईक तुम्हालाही असेलच. आमच्याकडे साडू आहेत. "रोजनिशीची ज्याची त्याची पद्धत असते, ती सापडावी लागते," असं म्हणून ते ती आप्पा बळवंत चौकात शोधतात.

आधी बुलेट जर्नल झालं. रायडर कॅरल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१३ मध्ये जगापुढे मांडलेली पद्धत. कामाला टिंब, झालं की फुली, राहिलं तर बाण काढून पुढच्या महिन्यात. साडूंचं पहिलं टिंब : 'नळ गळतो. प्लंबरला फोन.' फेब्रुवारीत त्याला बाण लागला. मार्चमध्येही. बाण पट्टी लावून काढलेले, दोन रंगांत. मोरीतली बादली रोज भरत होती.

मग ज्युलिया कॅमेरॉन आल्या. 'द आर्टिस्ट्स वे' या त्यांच्या १९९२ च्या पुस्तकातला नेम असा, की सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं लिहायची, मनात येईल ते. साडूंच्या मनात नळ आला. तीन पानं नळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. पुढे कृतज्ञतेची वही आली. तिच्यात पहिलीच नोंद : 'नळ गळतो, म्हणजे पाणी आहे.'

या सगळ्या काळात मेहुणी कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहीत होती. १९७३ पासून निघणाऱ्या त्या कॅलेंडरला कोणी पद्धत म्हणत नाही. प्लंबर तिनेच बोलावला. साडूंनी लगबगीने जुनी वही काढून फुली मारली आणि म्हणाले, "बघा, लिहून ठेवल्याचा फायदा!"

परवा ते मला नवी शाई दाखवत होते. माझी नजर भलत्याच ओळीवर गेली : 'साडूंचं बीपी विचारणे.' पुढे बाण. आधीच्या महिन्यातही बाण, त्याच्या आधीच्याही. माझ्या अँजिओप्लास्टीपासून दर महिन्याला या गृहस्थांचा फोन येतो, "गोळ्या चालू आहेत ना?" मला वाटायचं, रिकामपणचे उद्योग. पोटच्या पोरांना जे सुचत नाही, ते हा माणूस पट्टी लावून पुढच्या महिन्यात नेतो.

हल्ली मी त्या फोनची वाट बघतो. त्यांना मात्र हे कळता कामा नये. माझ्या रक्तदाबासाठी स्वतंत्र वही येईल, आणि ती कुठल्या पद्धतीने लिहायची हे ठरेपर्यंत फोन बंद.