समोरच्या अप्पांची तबकडी

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना अशा इकडे. कुंपणाला टेकू नका हं, कालच रंग दिलाय. रविवारी समोर अप्पांकडे काय झालं, कळलंच असेल? नाही? अगंबाई, नेमक्या त्याच दिवशी तुम्ही सप्तशृंगीला गेलात!

अप्पांचं संगीतकार सी. रामचंद्रांचं वेड तुम्हाला काय सांगायचं. नाव नुसतं काढायचा अवकाश, की कान धरणार. आणि ते ठरलेलं वाक्य... सी. रामचंद्र म्हणजे आपले अण्णा चितळकर पुणतांब्याचे, पुणतांबं गोदेच्या काठी, गोदा निघते त्र्यंबकला आणि रामकुंडावरून पुढे जाते, म्हणजे त्या सुरांत पाणी आपल्या नाशिकचंच! हे गणित मला आजवर पटलेलं नाही. पण त्यांच्याकडचा चहा फार छान असतो, म्हणून मी मान डोलावते.

तर काय सांगत होते... हां, त्यांची धाकटी सून. गोव्याची, बार्देशातली, अल्दोन्याची. लग्न ठरलं तेव्हा अप्पा चार दिवस धड जेवले नव्हते, आठवतंय ना? "घरात ख्रिस्ती सून" म्हणून काकूंनी माझ्यासमोर डोळ्याला पदर लावला होता. आता तिच्या हातच्या सोलकढीशिवाय दोघांचं पान हलत नाही, ते सोडा.

रविवारी पुण्याचा भाचा आला, एक भलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'. नरेश फर्नांडिसांचं हो, 2012 मधलं. सोबत एक सीडी, मुंबईत वाजलेल्या जुन्या जॅझच्या तबकड्या साफसूफ करून पुन्हा काढलेल्या. पहिलंच वाजलं ते पुस्तकाच्या नावाचं, 1936चं. वाजवणारा कोण, तर क्रिकेट स्मिथ. मी म्हटलं, कुठल्या टीमचा? भाचा असा काही हसला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमेरिकेतला काळा ट्रम्पेटवाला म्हणे, ताजमध्ये बॅण्ड घेऊन आलेला. तिकडे गोऱ्यांच्या हॉटेलात मागच्या दाराने जायचं, आणि इकडे राजेरजवाडे त्याच्या तालावर नाचायचे!

अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "बंद करा ते पों-पों. आपल्या संगीतात हे असलं काही नाही."

आणि सूनबाई, ती कधी उलट बोलत नाही हं, हळूच म्हणाली, "पप्पा, मग तुमच्या अण्णांच्या 'अलबेला'तलं ट्रम्पेट कोणाचं?"

वहिनी, झोपाळाच थांबला!

तिच्याच अल्दोन्याचा एक माणूस, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, पण सगळे म्हणायचे चिक चॉकलेट. हातात पांढरा रुमाल, अगदी लुई आर्मस्ट्राँगसारखा, म्हणून हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग. आधी ताजमध्ये बॅण्ड. मग 1950च्या सुमारास मोरारजीभाईंची कडक दारूबंदी आली. बाटलीच नाही तर नाचायला कोण येतंय? तसे हे वाजवणारे आणखी आणखी सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. चिक तर 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो, भगवानदादा नाचताहेत आणि हा आपला ट्रम्पेट घेऊन हजर. 1951 साली त्याने 'नादान'ला स्वतः संगीतही दिलं. ते तलतचं तसबिरीचं गाणं नाही का? अप्पा आंघोळ करताना नेहमी तेच तर म्हणतात, आणि आजवर त्यांना पत्ता नाही की ते चिकचं!

अप्पांचा चेहरा... काय सांगू, फुलका फुगता फुगता फुस्स व्हावा तसा.

भाच्याला तर आणखी ऊत आला. म्हणे, अण्णा चाल बांधणार पेटीवर, पण पन्नास-पन्नास माणसांनी एकदम काय वाजवायचं ते कागदावर कोणी लिहायचं? चर्चच्या शाळेत पोरवयात स्वरलिपी शिकलेले हे गोवेकर! अँथनी गोन्साल्विस तुम्हाला अमिताभच्या गाण्यातलाच माहीत असेल. खरा होता हो. माजोर्ड्याचा व्हायोलिनवाला, प्यारेलालना शिकवलेला. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं, 1977 साली. म्हणून कळलं तरी. बाकीच्यांचं काय?

काकू मध्येच म्हणाल्या, "पण तो चितळकर गायचा, तो निराळा ना?" घ्या! साठ वर्षांचा संसार, घरात अण्णांचा फोटो, आणि तबकडीवर सी. रामचंद्र एका जागी, चितळकर दुसऱ्या जागी, म्हणून यांना वाटे दोन माणसं. अप्पांनी कपाळाला हात लावला. एका तबकडीवर एका माणसाची दोन नावं, आणि मागे वाजवणाऱ्या पन्नास जणांचं एकही नाही. हे मी नाही हं म्हटलं, सूनबाई म्हणाली. आणि मग गप्पच झाली.

तेव्हा निघालं वहिनी, तिचे आजोबा! स्टुडिओत व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसायचे. रोजंदारीवर. सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन धोबी तलावच्या खोलीतून निघायचे, रात्री यायचे, कुठल्या सिनेमात वाजवलं तेही त्यांना ठाऊक नसायचं. सहा वर्षं ही पोरगी आपल्यासमोर वावरतेय आणि एक शब्द काढला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही काकी." आता यावर काय बोलणार?

भाच्याने मग याच्या अगदी उलट, अमेरिकेतला एक सांगितला, क्लॅरेन्स विल्यम्स. बॅण्डही त्याचा आणि गाणी छापायची कंपनीही त्याचीच. आर्मस्ट्राँग कोवळा पोरगा असताना याच्याकडे वाजवून गेला. 1943मध्ये गाण्यांचा सगळा गठ्ठा डेक्का कंपनीला विकून पठ्ठ्या मोकळा. मला विचाराल तर हुशार. कागद ज्याच्या हातात, नाव त्याचं.

हां, तर तबकडी. अप्पांनी कपाटातून 'अलबेला'ची काढली, भिंग लावून लेबल वाचत बसले. तबकडी कसली, दिवाळीत काकूंनी स्पिरिटने पुसून ठेवलेली! ती लाखेची असते हो, स्पिरिटात लाख विरघळते. एक बाजू अगदी पांढुरकी झालीय. अप्पा तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते. या वेळी मात्र काही म्हणाले नाहीत. पेन्सिल मागितली, सूनबाईकडून आजोबांचं नाव नीट विचारून घेतलं आणि तबकडीच्या कागदी पाकिटावर सावकाश लिहिलं.

काकू म्हणाल्या, "कशावरून यातच वाजवलं त्यांनी?"

अप्पा म्हणाले, "कशावरून नाही?"

आता तुमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा ग्रामोफोन आहे ना? अप्पा सुया मागायला येणार आहेत. द्या हो. फक्त मी सांगितलं असं म्हणू नका.