गाडीची बॅटरी : इयत्ता पहिली

हा पाठ कोणासाठी?

ज्यांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर कव्हरखाली झोपते, रविवारी उठते, पुसून घेते आणि पुन्हा झोपते, त्यांच्यासाठी. रोज हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर हाणणाऱ्यांनी वाचला नाही तरी चालेल. यातले निम्मे रोग त्यांच्या बॅटरीला होतच नाहीत.

पूर्वज्ञान : बॉनेट कुठून उघडते ते माहीत असणे. नसल्यास स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक खटका असतो, तो ओढावा. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले तर दुसरा ओढावा.

पाठ १ : गेली की नाही, हे ठरवणे

किल्ली फिरवल्यावर गाडी काय म्हणते ते ऐकावे. सेल्फ ‘घुर्र… घुर्र… घु’ असे दम लागल्यासारखे फिरले, तर बॅटरी उतरली आहे. ‘टकटकटकटक’ आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. हेडलाइट लख्ख असून एकच ‘टक्’ होऊन सगळे गप्प झाले, तर संशय सेल्फच्या मोटरवर घ्यावा. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा जळत राहिला, तर दोष चार्जिंगचा, म्हणजे बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. अल्टरनेटरला गॅरेजमध्ये अजूनही डायनामो म्हणतात. तो दुरुस्त न करता नवी बॅटरी घातली, तर तीही जुनीच्या वाटेने जाते.

आवाज कोणताही येवो, पहिले काम एकच : टर्मिनल हाताने हलवून पाहणे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, घाबरू नये. हलले, तर दहा नंबरचा पाना आणावा, आवळावे, सेल्फ मारावा. या उपायाने बॅटरीचे पैसे वाचू शकतात. त्यामुळे दुकानदार तो सहसा सुचवत नाही.

दुसरे काम : काही शे रुपयांचा मल्टिमीटर घेणे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही, तर पुन्हा डायनामो.

बॉनेट वर गेले की माणसे जमतात. हा विधीचाच भाग आहे. त्यांच्यात एक काका असतात.

“पाणी कधी टाकलं होतंत?”

“काका, ही मेंटेनन्स फ्री आहे.”

“म्हणजे टाकलंच नाही ना!”

यावर उत्तर देऊ नये. काकांना धक्का मारायला घ्यावे. किल्ली चालू, क्लच दाबलेला, गियर दुसरा. गाडीने वेग घेतला की क्लच सोडावा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर कितीही काका जमले तरी उपयोग नाही.

पाठ २ : उसनी वीज

जंपर केबल आणताना जाड बघून आणावी. स्वस्त केबलच्या जाड आवरणात तार बारीक असते आणि गाडी चालू होण्याआधी केबलच तापते.

क्रम पाठ करावा. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर, रंग नसलेल्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पाडायची. शेजाऱ्याची गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग आपली सुरू करावी. काढताना क्रम उलटा.

गाडी सुरू झाल्याच्या आनंदात ती लगेच बंद करून चहा प्यायला वर जाऊ नये. फिरवून आणावी आणि तीही गॅरेजच्या दिशेने.

पाठ ३ : दुकानात

दुकानदार विचारतो, “कोणती गाडी?” आपण गाडी सांगतो, तो बॅटरी आणतो. इथेच व्यवहार संपू नये म्हणून हा पाठ.

जुन्या बॅटरीवरचा कोड लिहून न्यावा. उदाहरणार्थ ३८बी२०एल. यात ३८ हा ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी आणि एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. शेवटचे अक्षर चुकले तर बॅटरी ट्रेमध्ये छान बसते, पण केबल पोचत नाही. मग मेकॅनिक केबल ताणतो. ताणू देऊ नये.

लहान पेट्रोल गाडीला ३५ अॅम्पिअर-अवरच्या आसपासची बॅटरी पुरते. डिझेल इंजिनात दाब जास्त, ते फिरवायला जोर जास्त, म्हणून तिथे बॅटरी बरीच मोठी लागते. सिग्नलला आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होणारी गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी, कंपनीने जी सांगितली असेल तीच. तिथे साधी बॅटरी घालून वाचवलेले पैसे लवकरच व्याजासकट जातात.

यानंतर तारीख. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण तीनदा वाचतो, बॅटरीवरची एकदाही नाही. ती कोडमध्ये छापलेली असते. दुकानदाराकडून पैसे देण्याआधी वाचून घ्यावी. नुसती ठेवलेली बॅटरीही दर महिन्याला थोडी थोडी उतरते, उन्हाळ्यात जास्तच. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. चिंचवडला आणि रांजणगावला बॅटऱ्या बनतात म्हणून पुण्यात माल ताजाच मिळणार, असे समजू नये. कारखाना जवळ असतो, पण फळी त्याहून जवळ असते आणि बॅटरी फळीवर किती दिवस होती हे विचारायचे असते.

आता वॉरंटी. कार्डावर ‘२४+२४’ लिहिलेले असते. मराठी माणूस ही बेरीज करून ४८ म्हणतो आणि समाधानाने घरी येतो. ही बेरीज करू नये. पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी बदलून मिळते, पण नवीला नवी वॉरंटी नसते, जुनीची उरलेलीच पुढे चालते. दुसऱ्या २४ महिन्यांत मिळते ती फक्त सूट आणि तीही छापील किमतीवर. समजा छापील किंमत ६,००० रुपये आहे. चाळिसाव्या महिन्यात २० टक्के सूट मिळाली, म्हणजे ४,८०० भरायचे. तीच बॅटरी त्याच दुकानात, जुनी परत देऊन, कोणालाही ४,५०० ला मिळत असेल, तर वॉरंटीचा लाभ आपल्याला ३०० रुपयांना पडला. सारांश : मोजायचे ते पहिले २४. कार्डावर शिक्का आणि तारीख मात्र घ्यावीच.

जुनी बॅटरी दुकानातच सोडावी. तिच्यातल्या शिशाला भाव असतो, म्हणून किंमत कमी होते. शिवाय २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरीविषयक नियमांमागचा हेतूही तोच आहे : शिसे अधिकृत पुनर्वापराकडे जावे, कोणाच्या तरी अंगणात भट्टी लावून वितळवले जाऊ नये. ‘राहू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ती घरी आणून गॅलरीत कुंडीच्या शेजारी ठेवणाऱ्यांनी पाठ ६ आधी वाचावा.

पाठ ४ : बसवणे

काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस तसाच ठेवून प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन पाना तिथेच चिकटतो आणि मेकॅनिक नवीन शब्द शिकवतो.

इंजिन चालू ठेवून बॅटरी काढणारा कलाकार भेटला तर त्याला थांबवावे. जुन्या अँबॅसडरमध्ये ते खपून जाई. तिच्या डिकीत इंजिन फिरवायला हँडलही असे. आजच्या गाडीत मधे बॅटरी नसली की व्होल्टेज उसळते आणि ते कॉम्प्युटरच्या अंगावर जाते.

बॅटरी धरून ठेवणारी पट्टी आवळली का, हे स्वतः पाहावे. बॅटरी हातांनी धरून हलवावी. गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. सैल बॅटरी मुंबई-गोवा रस्त्याने गणपतीला नेली, तर आतल्या प्लेटा माणगाव-महाडच्या दरम्यान सुट्या होऊ लागतात.

बसवल्यावर घड्याळ बारा वाजवते आणि म्युझिक सिस्टीम ओळख विसरते. हे दोष नाहीत.

पाठ ५ : निगा

झाकणे असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, दोन खुणांच्या मधोमध, प्लेटा बुडतील इतके. नळाचे नको, बोअरचे तर नकोच आणि बाटलीतले मिनरल वॉटरही नको. त्यातली मिनरल्सच तर नको असतात. एसीच्या नळीखाली बादली लावून जमवलेल्या पाण्याला काका डिस्टिल्ड म्हणतात. त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात. ते कुंड्यांना घालावे. अॅसिड तर कधीच वाढवू नये; उडून जाते ते पाणी, अॅसिड आतच राहते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती बुरशी नसते, गंजाचे क्षार असतात. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे. फेस येतो, तो येऊ द्यावा. मिश्रण झाकणांतून आत जाऊ देऊ नये. धुऊन, कोरडे करून, आवळून, मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. हे काम जुनी पँट घालून करावे. अॅसिडचा थेंब उडालेला त्या दिवशी दिसत नाही. पँट धुऊन आल्यावर मांडीवर बारीक भोके दिसतात आणि घरात उंदीर शोधले जातात.

सीलबंद बॅटरीला एक डोळा असतो. हिरवा दिसला की मालक निर्धास्त होतो. आत सेल सहा असतात, डोळा एकाच सेलमध्ये असतो. उरलेल्या पाचांबद्दल त्याला काही माहिती नसते.

बॅटरीचा खरा शत्रू ऊन. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो; पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या झिजतात. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात उघड्यावर उभी राहिलेली बॅटरी पुण्याच्या बॅटरीपेक्षा लवकर म्हातारी होते. गंमत म्हणजे ती मरते डिसेंबरात. गार सकाळी इंजिन जड असते, बॅटरीचा जोर कमी पडतो आणि दोष थंडीवर येतो. गुन्हा मे महिन्यात झालेला असतो.

पाठ ६ : जपून ठेवण्याचा रोग

आपल्या घरात वस्तू वापरल्याने झिजते, हा सिद्धांत आहे. म्हणून रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर आणि पाहुण्यांचे कप शोकेसमध्ये. गाडीलाही हाच न्याय : कशाला उगाच काढायची, रिक्षाने जाऊ.

बॅटरीला हा सिद्धांत मान्य नाही. १८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा स्वभाव तोच आहे. वीज दिली की प्लेटांवर लेड सल्फेट साचते, वीज घेतली की ते विरघळते. घ्यायला उशीर झाला तर त्याचे स्फटिक घट्ट होतात आणि मग पूर्ण विरघळतच नाहीत. जपून ठेवलेली बॅटरी अशी आतल्या आत दगड होत जाते. त्यात अलार्म, घड्याळ, डॅशकॅम हे भाडेकरू गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज पितच असतात.

यावर आपला उपाय म्हणजे रविवारी पार्किंगमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवणे. गाडीला ‘श्वास’ मिळतो म्हणे. प्रत्यक्षात आठवडाभरात उतरलेली वीज भरून निघण्याआधीच आपण इंजिन बंद करतो, कारण पेट्रोल जळते. गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास चालवावी. त्यासाठी रविवारी सकाळचा सिंहगड रस्ता निवडू नये. तिथे गाडी पार्किंगमध्ये असते तशीच असते.

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने जायचे असेल तर मायनस काढून ठेवावा. भाडेकरूंचे पिणे थांबते, पण बॅटरी आपणहून उतरते ते थांबत नाही. ते थांबवायला चार्ज राखणारा छोटा चार्जर मिळतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे भाचा.

स्वाध्याय

(अ) रिकाम्या जागा भरा : काढताना आधी ______, बसवताना आधी ______.

(आ) कारणे द्या : १. २४+२४ म्हणजे ४८ नव्हे. २. एसीचे पाणी कुंड्यांनाच बरे. ३. मेमध्ये केलेल्या खुनाचा पंचनामा डिसेंबरात होतो.

(इ) चूक की बरोबर : ‘गाडी कमी वापरली की बॅटरी जास्त टिकते.’ (बरोबर लिहिणाऱ्यांनी पाठ ६ दोनदा लिहून आणावा.)

(ई) उपक्रम : गाडीची किल्ली भाच्याला एका शनिवारसाठी द्या. गाडी परत आल्यावर मीटरवरचे किलोमीटर आणि बॅटरीचे व्होल्ट वहीत नोंदवा. व्होल्ट वाढले असतील, तर किलोमीटरबद्दल विचारू नका.