वुडी घराणं

मॉलमधल्या अत्तराच्या काउंटरवर हल्ली गिऱ्हाइकाचं घराणं विचारतात. "सर, फ्लोरल की वुडी?" मायकेल एडवर्ड्‌स नावाच्या गृहस्थांनी जगातल्या सुगंधांचं एक चक्र आखून ठेवलंय. त्यात फुलांचं, ताज्या वासांचं, अंबरचं आणि लाकडाचं अशी चार मोठी घराणी. पुरुषमाणसाला बहुधा लाकडाच्या घराण्यात ढकलतात. चेहरे बघून ठरवत असावेत.

"वुडी म्हणजे मॅच्युअर, डीप, थोडंसं मिस्टीरियस," विक्रेती समजावते. आमच्या घरी मॅच्युअर आणि लाकडासारखं हे दोन्ही एकदम फक्त भेंडीबद्दल बोललं जातं, आणि त्यावरून भाजीवाल्याशी भांडण होतं. भेंडी जून होते, मुळ्याचं लाकूड होतं, ते लिग्निन साचल्यामुळे. झाडाला ताठ उभं ठेवतं तेच हे लिग्निन. जुन्या पुस्तकांच्या कागदात ते हळूहळू मोडतं आणि त्यातून व्हॅनिलासारखा मंद वास सुटतो. म्हणजे वाचनालयात पिवळ्या पडलेल्या कादंबरीत नाक खुपसून बसणारे वाचक वर्षाच्या वर्गणीत वुडी अत्तर हुंगत होते. जून भेंडीतून मात्र आजवर कुणाला व्हॅनिला मिळालेला नाही.

खरी गंमत बाटलीच्या आत आहे. लाकडाच्या या घराण्यात लाकूड फारसं नाहीच! चंदन मात्र अस्सल. त्याचाही गाभाच काय तो दरवळतो. पण व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, गवताची मुळं. पचौली म्हणजे पाच, जिची पानं आपल्या बायका गजऱ्यात माळत आल्या. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली विलायतेला जाताना त्यांना कसर लागू नये म्हणून हीच पानं घालत. पुढे तिकडच्या मडमा त्या वासावरून शाल अस्सल की नक्कल ते ओळखू लागल्या. ऊद म्हणजे अगरू. या झाडाला बुरशी लागली की ते आतल्या आत सुगंधी राळ तयार करतं. जन्मभर ठणठणीत राहिलेल्या अगरूला कुणी हुंगतसुद्धा नाही. आणि अत्तरवाले ज्याला व्हर्जिनिया सीडर म्हणतात, ते मुळात सीडर नसून जुनिपर आहे. पूर्वी त्याच्या पेन्सिली करत, म्हणून जाणकार तो वास पेन्सिलीच्या किसासारखा असल्याचं सांगतात. आम्ही शाळेत तो कीस दुधात उकळून खोडरबर करायला बघायचो, हे त्या जाणकारांना कुणी कळवू नये.

वाळ्याच्या बाटलीची किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, माठात घालायला जुडी आणते मी!" तिच्या दृष्टीने विषय संपला.

या घराण्यातला सगळ्यात कसबी गवई प्रयोगशाळेत जन्मला. नाव आयसो ई सुपर. त्याचा वास म्हणे सीडरसारखा, मखमली. 2006 साली मॉलिक्यूल 01 नावाचं अत्तर निघालं, त्यात सुगंध म्हणून हा एकटाच. अडचण अशी की काही नाकांना तो येतच नाही, काहींना येतो-जातो. माझ्या भाच्याने परदेशातून याच अत्तराची एक बाटली आणून दिली. मी मनगटावर मारलं, हुंगलं, काही नाही. "मामा, तुम्हाला नाही आला तरी समोरच्याला येतो," तो म्हणाला. समोर बायको होती. तिने माझं मनगट नाकाशी धरलं, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "मघाच्या फोडणीतला हिंग."