वाढदिवस लक्षात ठेवणाऱ्या साहेबांस

प्रिय संस्थापक साहेब,



गेल्या १९ ऑगस्टला सकाळी सातला मला पहिली शुभेच्छा आली, ती बायकोची नव्हे, आमच्या प्रभागातल्या एका इच्छुक उमेदवाराची. 'आदरणीय काका' म्हणून, हात जोडलेल्या फोटोसकट. या गृहस्थांनी मला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, हे प्रेम तुमच्या प्रचाराच्या सॉफ्टवेअरचं.

आता गंमत ऐका. सरकारदरबारी माझा जन्म १ जूनचा. आमच्या पिढीत घरोघरी १ जूनवालेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकून दिली. आधार, पॅन, बँक, सगळीकडे तीच. मतदारयादीत तर जन्मतारीख नसतेच, नुसतं वय. मोबाईल नंबरही नसतो. खरी तारीख मी आयुष्यात एकाच फॉर्मवर लिहिली, एका सेवाभावी संस्थेच्या रक्तदान शिबिरात. त्या संस्थेच्या याद्या कोण सांभाळतं? आपणच. म्हणजे रक्त गेलं रुग्णाला आणि मी गेलो उमेदवाराला.

कष्टांचं मात्र कौतुक वाटतं. निवडणूक आयोग याद्या चित्रासारख्या पीडीएफमध्ये टाकतो, सहज चाळता येऊ नयेत म्हणून. काँग्रेसच्या कमलनाथांनी शोधता येणारी यादी मागितली, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आपण कुठे मागत बसलात? यंत्राकडून चित्रं वाचून घेतलीत आणि वर आडनावावरून जातीचा रकानाही भरलात.

मतदानाच्या आधीच्या रविवारी एक पोरगा दारात आला. मोबाईलवर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकलं, कमरेच्या चिमुकल्या प्रिंटरमधून किराणा बिलासारखी मतदार-चिठ्ठी निघाली. मी स्क्रीनवर डोकावलो. माझ्या नावापुढे पिवळा ठिपका. "म्हणजे कुंपणावरचे, काका," पोरगा लाजत म्हणाला. वडिलांपुढे हिरवा, म्हणजे पक्के. वडील जाऊन चार वर्षं झाली.

प्रचारासाठी फेसबुकवरची माहिती उचलणारी ती केंब्रिज अ‍ॅनालिटिका २०१८ मध्ये बंद पडली. भारतात ३३५ जणांनी एक अ‍ॅप घेतलं आणि मित्रमंडळींसकट साडेपाच लाखांवर लोकांची माहिती गेली असावी, असा फेसबुकचाच हिशोब. बिचाऱ्यांना एवढा खटाटोप करावा लागला! तुम्हाला आम्ही दंडाला कापूस लावून, बिस्किट खात, स्वहस्ते लिहून देतो.

घाबरू नका. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरू नये, असा कायदा २०२३ मध्ये झाला; त्यातला कमाल दंड २५० कोटी. पण नियम यायलाच नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर हंगाम आपलाच.

पुढच्या रविवारी त्याच संस्थेचं शिबिर आहे. रक्त देणार आहे. जन्मतारीख १ जून लिहीन.

आपला,
पिवळा ठिपका