एक फुल्ल, एक हाफ

मूल ते गडचिरोली हे चाळीसेक किलोमीटरचं अंतर मी गेली एकोणीस वर्षं एसटीने अपडाऊन करतो आहे. सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. नदीच्या अलीकडे मी कुणाचा तरी नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा उधारीवाला असतो. पलीकडे वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा. पुलावर मात्र मी कुणीच नसतो. आख्ख्या नोकरीत एवढाच काय तो निवांतपणा. छप्पन्नावं लागलं तसं वाटायला लागलं, हा पूल थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

एका लग्नाला आई, बायको आणि मी असे तिघं गडचिरोलीला निघालो होतो. कंडक्टरने आईकडे बघितलं, "आजी फ्री." बायकोकडे बघितलं, "ताई हाफ." मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पूर्ण पैसे घेतले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पुरुषाला हाफ व्हायचं तर पासष्टीपर्यंत थांबावं लागतं. आईने पुढच्या स्टॉपपर्यंत "फ्री" आणि "हाफ" हे दोन शब्द पाठ केले. माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. तिकिटात हाफ आहे, तर नोकरीत का नाही? शेवटची दोन वर्षं अर्धा दिवस काम, अर्धा पगार. मागणी काही फार नव्हती.

सरकारला अर्धं कळत नाही असं नाही. रजेचा हिशेब मीच ठेवतो, म्हणून खात्रीने सांगतो. किरकोळ रजा वर्षाला आठ, आणि ती अर्ध्या दिवसाचीही मिळते. अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस. त्यात पगार अर्धा असतो, पण काम अर्धं नसतं, अजिबात नसतं. म्हणजे अर्ध्या पगारात शून्य काम केलेलं सरकारला चालतं. अर्ध्या पगारात अर्धं काम करतो म्हणणाऱ्यासाठी मात्र आमच्या कपाटात नियम नाही. मी कपाट दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला लागलो तेव्हा शिपाईभाऊंनी विचारलं, "काहून सायेब, का हरवलं?"

या शिपाईभाऊंचा मला जुना हेवा आहे. लिपिक अठ्ठावन्नला निवृत्त होतो, शिपाई साठला. भाऊंना मागे बढती येत होती. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी लेखी नकार आणून दिला. "बाबू झालो त दोन वर्सं आधी घरी बसा लागंल, आन् बसून करू का?" ते माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठे आहेत आणि माझ्यानंतर दीड वर्षाने जाणार आहेत. माझ्या निरोपसमारंभाच्या खुर्च्या तेच मांडतील.

पुतण्या जर्मनीत असतो. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "काका, इथे आहे ना तसं." तिकडे १९९६ साली कायदाच झाला. पंचावन्न वर्षं झालेल्या माणसाला निवृत्तीआधी काम निम्मं करता येतं. त्या सोयीचं नाव आल्टर्सटाइलत्साइट. ते म्हणेपर्यंत अर्धी ड्यूटी होऊन जात असेल. पण खरी गंमत पुढे होती. रोज अर्धा दिवस काम करायचं सोडून बहुतेक जर्मन लोक आधीची निम्मी वर्षं पूर्ण काम करतात आणि उरलेली निम्मी वर्षं घरी बसतात. मी म्हटलं, बाळा, ही पद्धत आमच्या शाखेत फार आधीपासून आहे, फक्त आम्ही घरी बसत नाही.

सरकारात अर्धवेळ नाही, मग उरला एकच रस्ता. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि बाहेर कुठेतरी अर्धवेळ काम धरायचं. मी १९९४चा. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला म्हणजे जुन्या पेन्शनचा. ऑफिसातली तरणी पोरं माझ्याकडे ताडोब्यातले पर्यटक वाघाकडे बघतात तसं बघतात. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. बघा, तिथेही हाफ आहेच.

बायकोला सांगितलं. ती अंगणवाडी सेविका आहे. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि वर्षानुवर्षं तिला ऐकवत आलेत की बाई, तुमचं काम अर्धवेळ. लेकरांचा पोषण आहार, वजनं, गरोदर बायांच्या घरभेटी, लसीकरणाचा दिवस, वर मोबाइलमधला पोषण ट्रॅकर. हे सगळं अर्धवेळात. तिने ताटातला भात कालवता कालवता माझं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही आता माझ्यासारखं अर्धवेळ करणार?"

"हो ना. तेच तर."

"एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आमचं काम अर्धवेळ आहे हे म्हणणं मान्य करता येत नाही. ग्रॅच्युइटीच्या केसमध्ये. आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं." भाताचा घास घेऊन तिने जोडलं, "तुमच्या कामाबद्दल कोर्टाने अजून काही म्हटलं नाही ना?"

मी वरण मागितलं.

साळ्याची राईस मिल आहे. मूलमध्ये धान आणि मिल यांना तोटा नाही. तो आनंदाने म्हणाला, "या ना भाऊजी, दिवाणजीची जागा खालीच आहे. अर्धवेळच आहे." वेळ विचारली. "सकाळी आठला या, रात्री आठला जा." मी म्हटलं, हे बारा तास झाले. "मग? चोवीसचे अर्धे किती होतात?" माझं गणित कच्चं आहे असं त्याने बहिणीला कळवलं.

तरी मी हट्ट सोडला नाही. आधी करून बघू म्हटलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दहा दिवसांची अर्जित रजा टाकली. बेत असा होता: सकाळी उशिरा उठायचं, पेपर वाचायचा, दुपारी दोन तास मिलच्या वह्या बघायच्या, संध्याकाळी तळ्यावर फिरायला जायचं.

पहिल्याच दिवशी पहाटे साडेतीनला आईने पायाला हात लावून उठवलं. "ऊठ बाबू. तू घरीच हायेस त चाल, मोह पडून रायला."

सावलीजवळच्या आमच्या गावी बांधीच्या धुऱ्यावर मोहाचं एक जुनं झाड आहे. आई दर हंगामात तिथे जाऊन राहते. यंदा मोटारसायकल आणि तिचा चालक दोन्ही फुकट मिळाले होते. आम्ही पोचलो तेव्हा चार-पाच घरची माणसं बॅटऱ्या घेऊन मोठमोठ्याने बोलत धुऱ्यावर निघालीच होती. या पट्ट्यात मोह वेचताना वाघाने माणसं नेली आहेत, त्यामुळे कुणी एकटं जात नाही आणि कुणी गप्पही राहत नाही. अंधारात फुलं पडतच होती. एक पाठीवर पडलं, गार आणि ओलसर, कुणीतरी बोट लावल्यासारखं. उजाडलं तसा झाडाखालचा सगळा पाचोळा फिक्या पिवळ्या मण्यांनी भरलेला दिसला. वास असा गोड आणि दाट, की रिकाम्या पोटी गरगरायला व्हावं. आई ऐंशीची आहे. ती बसल्या बसल्या सरकत दोन्ही हातांनी वेचत होती. मी वाकत होतो, उठत होतो, कंबर धरत होतो. सूर्य वर आला तेव्हा तिची टोपली शिगोशीग भरली होती. तिने माझ्या टोपलीत डोकावून बघितलं.

"हाफ," ती म्हणाली.

शेजारच्या झाडाखाली एक ओळखीचे गृहस्थ होते. दिवाळीपासून होळीपर्यंत ते झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक असतात. वडशाच्या कंपनीबरोबर गावोगाव जातात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपवतात. पावसाळ्यात धान, आता मोह, मे महिन्यात तेंदूपानं गोळा करण्याच्या फळीवर मुन्शी. सत्तर पानांचं पुडकं हातात घेऊन ते न मोजता सांगतात, दोन पानं कमी आहेत. मी ऑफिसच्या सवयीने विचारलं, "यातलं तुमचं मुख्य काम कोणतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "आजचं? मोह."

याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पूर्णवेळ की अर्धवेळ, हे त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आमच्या शाखेतून फाइल गेली असती तर विचारलं असतं.

आईला म्हटलं, बाई, तू आता रिटायर हो. तिने विचारलं, "रिटायर मंजे का अस्ते?" मी सांगितलं, काम बंद आणि पैसे चालू. ती बराच वेळ हसली आणि मग पलीकडच्या म्हातारीला हाक मारून तिलाही ते सांगितलं. "डोरे हायेत तवरिक वेचाचा," एवढंच उत्तर मला मिळालं.

घरी येऊन मोह अंगणात वाळत घातला. दुपारभर गायी-बकऱ्या हाकलल्या. तीन वाजता साळ्याचा फोन, वह्या पडून आहेत. सहाला बायको आली आणि, तुम्ही घरीच आहात तर, म्हणून पोषण ट्रॅकरमध्ये लेकरांची वजनं भरायला दिली. रेंज येत नव्हती, म्हणून मी मोबाइल घेऊन गच्चीवर उभा होतो. तळं तिथून दिसतं.

सहाव्या दिवशी उरलेली रजा रद्द करून मी हजर झालो. पावणेदहा ते सव्वासहा. पंख्याखाली खुर्ची आणि चार वाजता कुणीतरी आणून दिलेला चहा. मोह वेचून आलेल्या माणसाला तो चहा कसा लागतो, ते पुन्हा केव्हातरी.

एक गोष्ट राहिलीच. रजेवर जाण्याआधी, भरात, मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून टपालात टाकला होता. निवृत्तिवेतन नियम, १९८२, नियम ६६, तीन महिन्यांची नोटीस. आवक होऊन तो संबंधित लिपिकाकडे, म्हणजे माझ्याच टेबलावर, येऊन पडला होता. बाकी कागद पडून राहतात तसा तोही राहिला असता तर चिंता नव्हती. पण या नियमात एक खोच आहे. नोटिशीची मुदत संपेपर्यंत नकार कळवला नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, फाइल दाबून ठेवल्याची शिक्षा ती दाबणाऱ्याला मिळणार होती.

मी अर्ज तीनदा वाचला. भाषा उत्तम, नियम अचूक, सही ठळक. शेवटी सापडलं. अर्जावर तारीखच नव्हती. समासात सुवाच्य अक्षरात शेरा मारला: "नोटिशीची मुदत कोणत्या दिनांकापासून मोजावी, याचा बोध होत नाही. त्रुटी पूर्ततेसाठी अर्जदारास मूळ अर्ज परत." जावक क्रमांक टाकला. हस्ते दिल्याबद्दल अर्जदाराची पोच लागते. ती सही मी लगेच केली, आणि खाली न विसरता तारीख टाकली.