भाच्याच्या ईमेलवर चालणाऱ्या दुकानांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि मोडनिंब येथील अशा सर्व व्यापाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या धंद्याचा हिशोब एका ऑनलाइन शीटमध्ये आहे, ती शीट एका फुकटच्या ईमेल खात्यात आहे आणि ते खातं भाच्याच्या नावावर आहे. भाचा बारावीच्या सुट्टीत दुकानावर बसायला आला, खातं उघडून गेला आणि सध्या हिंजवडीला असतो. पासवर्ड कीटकनाशक कंपनीच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवला होता. कॅलेंडर जानेवारीत बदललं. अशा दुकानाने महिन्याकाठी पैसे मोजून ईमेल, फाइली आणि शीटचं सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, हा प्रश्न गंभीर आहे. आजवर त्याचं उत्तर दोघांनीच दिलं आहे. विकणारा म्हणतो, आजच घ्या. शेजारचा म्हणतो, फुकटात भागतंय की. दोघांचंही दुकान यात बुडत नाही, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

आधी चुकीची कारणं बाजूला काढू, कारण बहुतेक पैसे त्यांच्यापायीच जातात. पहिलं कारण म्हणजे ‘स्टोरेज भरलं’ ही लाल पट्टी. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो. सबब, जागा संपली म्हणून पैसे भरायला निघालेल्या व्यापाऱ्याने प्रथम शुभ सकाळचे गुलाब, एकादशीचे विठ्ठल आणि मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ काढून पाहावेत; अनेकदा धंद्याचा हिशोब त्यात मावूनही जागा उरते. दुसरं कारण, समोरच्या शोरूमने घेतलं. समोरच्याने एसीही घेतला आहे, म्हणून आपण खताच्या गोदामात एसी बसवत नाही. तिसरं कारण, व्हिजिटिंग कार्डावर दुकानाच्या नावाचा ईमेल छापता येतो. हौस म्हणून ठीक आहे. पण त्या पत्त्यावर येणारी पत्रं कोण वाचणार, हे ठरल्याशिवाय कार्ड छापू नये.

खरं कारण समजण्यासाठी माढा तालुक्यातला धंदा कसा चालतो ते पाहावं लागेल. उजनी धरणाच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. जोडीला डाळिंब आणि द्राक्षं आहेत. या तिन्हींचं खत, औषध आणि ठिबकचं साहित्य दुकानातून आधी जातं आणि पैसे मागून येतात. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळावेत. दुकानदार मात्र ‘बिल आलं की देतो’ या वाक्याला कधी तारीख विचारत नाही. म्हणजे कृषी सेवा केंद्राची निम्मी मालमत्ता रॅकवर असते आणि निम्मी उधारीच्या यादीत. रॅकसाठी शटर आहे, शटरला दोन कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या मालकाच्या कंबरेला आहेत. यादीची किल्ली हिंजवडीला आहे. महिन्याची २० तारीख उजाडते, जीएसटीआर-३बी हे विवरण भरायचा शेवटचा दिवस. कर सल्लागाराचा फोन येतो, ‘विक्रीची शीट टाका.’ नेमका काउंटरवरचा मोबाइल कालच बदललेला असतो. नव्या मोबाइलवर खातं उघडायला जावं तर ओटीपी भाच्याच्या नंबरवर जातो. भाचा मीटिंगमध्ये असतो. संध्याकाळी सातला तो परत फोन करून सांगतो, ‘मामा, ते सिम तर मी दोन वर्षांमागे बंद केलं.’ विवरण एक दिवस उशिरा गेलं तर ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज, एवढ्यावर भागतं. पण त्याच खात्यात अडकलेली उधारीची यादी शेतकऱ्यांकडून पुन्हा तोंडी लिहून घ्यायची वेळ आली, तर प्रत्येकाला आपली बाकी किती आठवेल, याचा अंदाज अनुभवी व्यापाऱ्याने स्वतःच करावा.

तेव्हा या मार्गदर्शिकेची मुख्य कसोटी अशी: पैसे शीटचे नसतात, किल्लीचे असतात. शीट फुकटातही तशीच चालते. बेरीज तीच येते. पैसे भरलेल्या व्यावसायिक खात्यात दुकान हे मालक असतं आणि माणसं त्याची वापरकर्ती. कारकून काम सोडून गेला तर त्याचं खातं मालक बंद करू शकतो, पासवर्ड बदलू शकतो, त्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. फुकटच्या वैयक्तिक खात्यात ईमेल देणाऱ्या कंपनीच्या लेखी दुकान अस्तित्वातच नसतं. असतो तो फक्त भाचा. आणि भाच्याशी कंपनीने केलेला करारही फार घट्ट नसतो. गूगलने २००६ मध्ये व्यवसायांना स्वतःच्या डोमेनवर फुकट ईमेल द्यायला सुरुवात केली, डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांसाठी ती सोय बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरा म्हणून कळवलं. ओरड झाल्यावर सवलत मिळाली ती घरगुती वापरापुरती. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसून टाकण्याचं धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे. संस्थांच्या खात्यांना ते लागू नाही. इकडे जीएसटी कायदा म्हणतो की हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळा. सहा वर्षं सांभाळायची वस्तू दोन वर्षांत पुसल्या जाणाऱ्या जागी ठेवणं, याला काटकसर म्हणत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो बहिणीकडून: आमचा मुलगा प्रामाणिक आहे. मान्य. प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीच. प्रामाणिक माणसाचाही मोबाइल हरवतो, सिम बदलतं, लग्न ठरतं. दुसरा आक्षेप, महिन्याला भाडं भरत राहण्यापेक्षा एकदाच विकत घ्यावं. एकाच संगणकावर एकच माणूस बिलं करत असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे; त्याने संगणकावरचंच सॉफ्टवेअर घ्यावं, तेही परवान्याचं. मात्र कुर्डुवाडीचं दुकान, टेंभुर्णीचं गोदाम आणि वसुलीला फिरणारा माणूस एकाच यादीवर काम करत असतील, तर एकाच संगणकात बसलेली यादी तिघांनाही पुरत नाही. तिसरा आक्षेप, आपला हिशोब परदेशी कंपनीच्या हाती जातो. तो भाच्याच्या खात्यातून आजच गेलेला आहे; पैसे न भरल्याने तो परत येत नाही. ज्यांना हे खटकतं त्यांच्यासाठी तमिळनाडूच्या झोहोसारखे देशी पर्यायही आहेत. मोजक्या माणसांसाठी फुकट व्यावसायिक खातं देणारेही भेटतात. ते घेताना २००६ ते २०२२ ची वरची हकिकत आठवावी. चौथा आक्षेप विजेचा आणि नेटचा, आणि तो खरा आहे. त्याचं उत्तर असं की काउंटरवरचं बिल नेटच्या भरवशावर टाकू नये. सगळ्यांना लागणारी यादी तेवढी ऑनलाइन ठेवावी.

आता आकडेमोड. दर माणशी, महिन्याच्या हिशोबाने असतात. समजा २०० रुपये धरले आणि तीन माणसं घेतली, तर वर्षाचे ७,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२९६. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला हा कर वजावटीत परत मिळतो, कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही. ही रक्कम एखाद्या नामांकित थकबाकीदाराच्या नावासमोर लिहून पाहावी, म्हणजे मोठी की छोटी ते आपोआप समजतं. खाती मात्र हमालापासून जावयापर्यंत सगळ्यांना वाटू नयेत. जे यादीत लिहितात त्यांनाच द्यावीत. मुख्य किल्ली मालकाकडे आणि दुसरी घरातल्या एका जाणत्या माणसाकडे असावी. डोमेनही दुकानाच्याच नावावर घ्यावं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर घेतलं, तर भाचा फक्त बदलतो.

पैसे भरण्याआधी शेवटची परीक्षा बाहेर पडण्याची. कुर्डुवाडीकरांना हे समजावून सांगायला नको. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथे येऊन थांबली, पुढे ब्रॉडगेज होती, आणि रूळ जुळेपर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांत दोन मापांमधला माल पोत्यापोत्याने माणसांच्या पाठीवरून इकडचा तिकडे गेला. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. पैसे भरणाऱ्यांचेही दर वाढतात, त्या दिवशी दुसरीकडे जाता आलं पाहिजे. विक्रेत्याला विचारावं, माझी सगळी यादी साध्या एक्सेल फाइलमध्ये एका दमात बाहेर काढून दाखवा. दाखवता आली नाही तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. आणि घेतल्यावरही महिन्यातून एकदा ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून तिजोरीत ठेवावी. पैसे भरले म्हणजे चुकून पुसलेलं परत येतंच, असं नाही.

थोडक्यात निकाल असा. दुकानात एकच माणूस लिहितो, खातं त्याच्याच नावावर आहे, ओटीपी त्याच्याच खिशात वाजतो, तर पैसे भरू नयेत. मोबाइलमधले गुलाब पुसावेत आणि धंद्याला लागावं. यादीत एकाहून अधिक माणसं लिहीत असतील, किंवा ती यादी अशा माणसाच्या खात्यात असेल जो उद्या दुकानात येणार नाही, तर याच महिन्यात भरावेत. ऊसबिलाची वाट पाहू नये. यातलं आपण कोण, हे ठरवायला कोणत्याही सल्लागाराची गरज नाही. खात्याची सुरक्षा सेटिंग उघडा आणि तिथे कोणाचा मोबाइल नंबर आहे तो वाचा. तो तुमचा नसेल, तर ते दुकानही अजून पुरतं तुमचं नाही.