उतरलेले सेल

पुण्यात कॉलेजला गेलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात होस्टेलवरच्या एका मुलानं विचारलं, "तुझा आवडता अल्बम कोणता?"

मी म्हणालो, "मोठ्या ताईचा."

आमच्या रनाळ्यात अल्बम म्हणजे लग्नाचा. पाहुणा ओट्यावर टेकला, पाणी प्यायला, की तो त्याच्या मांडीवर यायचा आणि चहा उकळेपर्यंत पाहुण्यानं हळद, वरात, पंगत असं क्रमानं बघायचं. ताईच्या अल्बमची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, तरी तो मला मनापासून आवडायचा. त्या मुलाला गाण्यांचा अल्बम म्हणायचं होतं. तो इतका हसला, की पुढची बरीच वर्षं मी आवडीनिवडी जपून सांगू लागलो. कुणी विचारलंच तर कुमार गंधर्व, 'कोसला', आणि जरा आठवल्यासारखं करून किशोरी आमोणकर. ही यादी कुठल्याही बैठकीत चालते. परवा भाच्यानं कानातली बोंडुकली काढून हाच प्रश्न विचारला, तेव्हा म्हटलं, आता वय झालं, खरं सांगून टाकू.

'कोसला'पासूनच सांगतो. नेमाडे आमच्या खान्देशातले, सांगवीचे. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा पंचविशीत होते. माझ्या हाती आलेल्या प्रतीची सुरुवातीची पानं गायब होती. कुणाच्या तरी तंबाखूच्या पुडीला लागली असावीत. त्यामुळे मला वाटलं, ही कादंबरी मधूनच सुरू होते आणि तेच तिचं नवेपण. पुण्यात दोन-तीन ठिकाणी मी हे मतही ठोकलं. "लेखक वाचकाला दारात घेत नाही, थेट माजघरात ढकलतो." लोकांनी माना हलवल्या. पुढे अख्खी प्रत मिळाली. पाहतो तर पांडुरंग सांगवीकर उघडल्या उघडल्या नाव सांगतो, वय सांगतो! मला तर ते कच्च्या वाचकांसाठी नंतर चिकटवल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं.

तीच प्रत सुट्टीत वडलांनी वाचली. पोरगा पुण्यात जाऊन बापाचे पैसे कसे उडवतो, यापलीकडे त्यांना तिच्यात काही दिसलं नाही. पुस्तक मिटून म्हणाले, "हे त्याच्या बापानं लिहायला पाहिजे होतं." त्या महिन्यापासून मनिऑर्डरीबरोबर हिशेब मागणारं पोस्टकार्ड येऊ लागलं. एखाद्या कादंबरीनं माझ्या आयुष्यावर एवढा थेट परिणाम पुन्हा कधी केला नाही.

'मृत्युंजय'ची गोष्ट वेगळी. ती मी वाचली नाही, वाचून दाखवली. आमच्या एका बाजूला नंदुरबार, दुसऱ्या बाजूला दोंडाईचा. नंदुरबारला मिरच्यांच्या पथारी पसरल्या, की लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. आमच्या घरात त्या गालिच्याचा एक तुकडा यायचा, वर्षभराच्या तिखटाचा. मोठीमाय आणि शेजारच्या बाया देठं खुडायच्या, आणि मी शिंकत शिंकत वाचायचो. शिवाजी सावंतांनी या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांना बोलतं केलंय. समीक्षक त्याला निवेदनतंत्र म्हणतात. मोठीमायच्या लेखी ती जबानी होती. पात्र बदललं की ती पदर सावरून बसायची, "हां, आता हिचं ऐकू." कुंतीची पाळी आली तेव्हा मात्र सगळ्यांचे हात थांबले. "पोरले नदीमा सोडं कसाले व त्या मायनी?" मोठीमायनं मलाच विचारलं. मी मान खाली घालून वाचत राहिलो. कर्ण पडला त्या दिवशी अख्खी ओसरी रडली. त्यात कर्णामुळे किती आणि मिरचीमुळे किती, याचा निवाडा साहित्य अकादमीलाही करता आला नसता. नंतर ते पुस्तक मी पुण्यात एकट्यानं, कोरड्या हवेत वाचलं. डोळे जेमतेम ओलावले.

किशोरीताईंचंही तेच. 'सहेला रे' पहिल्यांदा ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. सोबतचा जाणकार मित्र हलक्या आवाजात म्हणाला, "भूप." मी मान डोलावली, पण मनात प्रश्न होता, आता कुणाची पाठवणी? त्याचं असं, की आमच्याकडच्या लग्नांत नवरी गाडीत बसली की बँडचा क्लॅरिनेटवाला 'लव्ह इन टोकियो'तलं 'सायोनारा' वाजवायचा. तेही भूपाच्याच सुरांतलं. १९६६ चा तो सिनेमा गावात किती जणांनी पाहिला होता देव जाणे, पण त्या सुरांवर तीन पिढ्यांच्या बाया रडल्या. तो माझा आवडता वादक. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही, कारण मिरवणुकीत गाडीवर नाव असायचं ते बँडमालकाचं.

आणि गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी छप्पन गाणी. आमच्याकडे त्यातल्या काही गाण्यांची कॅसेट होती, दोंडाईच्याहून भरून आणलेली. लाइट नसायची, म्हणून टेप चार सेलवर. सेल उन्हात तापवून घातले, की एक-दोन गाणी बाबूजी ठणठणीत. मग आवाज हळूहळू खाली उतरायचा. वनवासापर्यंत तो पार खर्जात जायचा आणि राम चौदा नव्हे, वीस वर्षं गेल्यासारखा वाटायचा. ती शेवटची गाणी भीमसेन जोशींनी म्हटली आहेत, असं मी कॉलेजपर्यंत छातीठोक सांगत होतो. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे बरेच गायक होते हे कळल्यावर तर माझा आवाज आणखी चढला.

हे सगळं ऐकून भाच्यानं फोनवर स्वच्छ गीतरामायण लावून दिलं. खरखर नाही, घरघर नाही. सुधीर फडके कुठेतरी गाडी गाठायची असल्यासारखे गात होते. "जरा हळू कर," मी म्हटलं. त्यानं वेग कमी केला. गाणं लांबलं, पण आवाज होता तिथंच राहिला. फोनला म्हणे तसं करता येतं. भीमसेन काही आले नाहीत.

यंदा गावी गेलो तेव्हा माळ्यावरून टेप काढला, पुसला. दुकानात जाऊन चार मोठे सेल मागितले. दुकानदारानं नवं पाकीट पुढं केलं. मी म्हटलं, "थोडे उतरलेले नाहीत का?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर, सोबत घरचं कुणी आलंय का ते बघायला.

"उतरेल सेल कोन इकत लेस रे भो?"